कशावरून?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. रविवारी सकाळी पोह्यांना फोडणी पडते न पडते तोच ताईचा फोन आला. माझी ही थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी भावजींच्या नोकरीच्या निमित्ताने नाशिकहून आमच्या गावी, ब्राउनश्वाइगला, राहायला आली. तिचा मुलगा इथल्या एका गिम्नाझियुममध्ये बारावीत शिकतो.

“तुझ्या भाच्याला फिजिक्सच्या क्लाउसूरमध्ये पंधरापैकी सात गुण मिळालेत. नाशिकला तो कधी नव्वदच्या खाली आला नाही. आकडे सगळे बरोबर आहेत, मी स्वतः ताडून पाहिलेत. ही माणसं आपल्या मुलांना मुद्दाम मागे ठेवतात का रे? उद्या तू माझ्याबरोबर शाळेत चल.”

ताई स्वतः बी.एस्सी. झालेली, तेव्हा ताडून पाहिले म्हणजे खरोखरच पाहिले असणार. आणि तिची काळजीही पोकळ नव्हती. येथे शेवटच्या दोन वर्षांतले गुण थेट अबिटूरच्या अंतिम हिशेबात धरले जातात आणि त्यावर पुढचा विद्यापीठप्रवेश अवलंबून असतो. गुण पंधरापैकी देतात आणि पाचाच्या खाली गेले की ती कमतरता म्हणून मोजली जाते. सात म्हणजे नापास नव्हे, पण ज्याच्या आईने मुलाचे नव्वद पाहिलेले आहेत तिला ते नापासाहून वेगळे वाटत नाहीत.

मी म्हटले, “शाळेत जाऊच. पण आधी पेपर घेऊन घरी ये.” पोहे निवले. पण त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात जे कळले ते आपल्या मंडळातल्या बऱ्याच आईबापांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

पेपर एकूण चाळीस मार्कांचा. भाच्याला बावीस, म्हणजे ५५ टक्के, म्हणून सात गुण. बहुतेक मार्क गेले होते ते दोन प्रश्नांत. त्यातला एक साध्या लंबकाचा होता. आपण सर्वांनी शाळेत केलेला, दोरीला गोळी बांधून. प्रश्न साधारण असा: एका विद्यार्थ्याने एक मीटर लांबीच्या लंबकाच्या दहा आंदोलनांना लागणारा वेळ हाताने चालवायच्या स्टॉपवॉचने मोजला. लंबक दहा अंशांवरून सोडला तेव्हा २०.१ सेकंद लागले आणि वीस अंशांवरून सोडला तेव्हा २०.२ सेकंद. त्याने निष्कर्ष काढला की आंदोलनकाल हा लंबक किती अंशांवरून सोडला यावर अवलंबून नसतो. या निष्कर्षाबद्दल तुमचा निर्णय द्या.

भाच्याने सूत्र लिहिले. त्यात लांबी टाकली, गुरुत्वत्वरण टाकले, २.००६ सेकंद काढले, चौकटीत घातले. खाली लिहिले: ‘सूत्रात कोन येत नाही, म्हणून निष्कर्ष बरोबर आहे.’ सहापैकी एक मार्क. ताई म्हणाली, “बघ, २.००६ बरोबर आहे की नाही?” बरोबर होते. पण ते कोणी विचारलेच नव्हते.

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी बारावीला होतो १९८७ साली. जर्नलमध्ये लंबकाचा प्रयोग होता. गुरुत्वत्वरण ९८० यायला हवे हे आम्हांला प्रयोगाआधीच ठाऊक होते. आमचे आले ९१५ की काहीतरी. मग आम्ही उत्तराकडून उलटे निघालो, ९७८ येईल असे आकडे बसवले, आणि अगदी ९८० आले तर संशय येईल म्हणून दोन सोडून दिले! जर्नलवर लाल शाईत ‘उत्तम’ असा शेरा पडला. त्या दिवशी माझे नेमके काय मोजले गेले? लंबक नव्हे, विचार तर मुळीच नव्हे. फार तर माझी हुशारी, आणि तीही भलत्या ठिकाणी वापरलेली. ९१५ का आले, दोरी मोजताना गोळीची त्रिज्या धरायची राहिली का, आंदोलने मोजताना एक चुकले का, हा खरा भौतिकशास्त्राचा प्रश्न होता. तो आम्ही खोडरबराने पुसून टाकला.

असो. मंगळवारी आम्ही शाळेत गेलो. बाईंनी शांतपणे एक कागद पुढे ठेवला. जर्मन शिक्षक प्रत्येक मोठ्या परीक्षेसाठी असा कागद आधीच तयार करतात. त्याला म्हणतात एरवार्टुंग्सहोरित्सोन्ट, शब्दशः ‘अपेक्षेचे क्षितिज’. कोणत्या उत्तरात कोणता मुद्दा आला तर किती मार्क, हे त्यात लिहिलेले असते. लंबकाच्या प्रश्नापुढे चार मुद्दे होते. एक, दोन वेळांतला फरक ०.१ सेकंद आहे आणि हाताने बटण दाबण्यातली अनिश्चितताही तेवढीच आहे. दोन, म्हणून या आकड्यांवरून ‘अवलंबून असतो’ असेही म्हणता येत नाही आणि ‘नसतो’ असेही नाही. विद्यार्थ्याचा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावला आहे. तीन, पाठ्यपुस्तकातले सूत्र फक्त लहान कोनांसाठी आहे, तेव्हा वीस अंशांवर तेच साक्षीदार म्हणून उभे करता येणार नाही. चार, हा वाद कसा मिटवाल ते सुचवा. उदाहरणार्थ दहाऐवजी पन्नास आंदोलने मोजा.

मी मनातल्या मनात हिशेब केला. दहा आणि वीस अंशांमधला खरा फरक सुमारे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. दहा आंदोलनांत ०.१२ सेकंद, हाताच्या चुकीत बुडून जाणारा. पन्नासांत तो ०.६ सेकंदाच्या जवळ जातो, पण हाताची चूक तेवढीच राहते, कारण बटण दोनदाच दाबायचे असते. म्हणजे भाच्याचे उत्तर अपुरे होते एवढेच नव्हे, ते चूकही होते. ताई काही बोलली नाही.

बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. इथल्या प्रश्नांतले क्रियापद हे अलंकार म्हणून येत नाही. त्यांना ‘ओपेराटोरेन’ म्हणतात आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. ‘नेनेन’ म्हणजे नुसते सांगा. ‘बेग्र्युंडेन’ म्हणजे नियमाचा आधार देऊन कारण द्या. ‘बेउर्टाइलेन’ म्हणजे पुरावा तपासून निर्णय द्या. प्रश्नांच्या तीन पायऱ्या असतात: आठवून सांगणे, शिकलेले ओळखीच्या जागी वापरणे, आणि अनोळखी जागी नेऊन त्याची पारख करणे. अबिटूरचा मुख्य भार दुसऱ्या पायरीवर असतो, पण तिसरी गाळून वरचे गुण मिळत नाहीत. आमचा भाचा पहिल्या दोन पायऱ्या धावत चढला होता आणि तिसरी आहे हेच त्याला दिसले नव्हते.

ज्याला चिकित्सक विचार म्हणतात तो हाच. आपल्या घरात ‘चिकित्सा’ हा शब्द फारसा कौतुकाने वापरत नाहीत. “फार चिकित्सा करू नकोस, जेव मुकाट्याने!” पण वैद्यालाही आपण चिकित्सक म्हणतो, कारण तो नाडी न पाहता औषध देत नाही. अमेरिकेचे रॉबर्ट एनिस यांनी या विचाराची व्याख्या करण्यात आयुष्य घालवले. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ इतकाच, की काय मानावे आणि काय करावे हे कारणे तपासून ठरवणे म्हणजे चिकित्सक विचार. हे आपल्याला परके नाही. न्यायशास्त्रात डोंगरावर आग आहे म्हणणाऱ्याला हेतू सांगावाच लागतो: धूर दिसतो म्हणून. हेतू नुसता हेतूसारखा दिसत असेल तर त्याला ‘हेत्वाभास’ असे नावही आपल्या पूर्वजांनी देऊन ठेवले आहे. रोजच्या मराठीत याला एकच शब्द पुरतो: कशावरून?

आता प्रश्न असा की हे मोजायचे कसे? मी मोजमापाच्या उपकरणांच्या धंद्यात आहे, आणि राहतो त्या गावात, जेथे जर्मनीची अधिकृत वेळ सांगणारी अणुघड्याळे ठेवलेली आहेत. मोजता येत नाही असे म्हटले की आमच्या धंद्यातल्या माणसाला अस्वस्थ व्हायला होते. पण विचाराला ना वजन ना लांबी. तेव्हा पहिली अडचण ही, की आपण मोजतो आहोत ते खरोखर विचारच आहेत, की आठवण, की आणखी काही?

ही अडचण ज्यांनी प्रथम नीट हाताळली त्यांत अमेरिकेतील अॅरिझोना येथील डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांचे सहकारी येतात. १९९२ साली त्यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली. तिची आजची प्रचलित आवृत्ती तीस प्रश्नांची आहे आणि त्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच. वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यावर त्याच्यावर कोणती बले काम करतात, अशा जातीचे साधे प्रश्न. खुबी आहे ती चुकीच्या पर्यायांत. ते उगाच रचलेले नाहीत; माणसाला स्वाभाविकपणे जे वाटते तेच तेथे लिहिले आहे. चेंडू वर जातो आहे म्हणजे त्याला वर ढकलणारे बल असणारच, असे वाटणारा विद्यार्थी नेमका त्या पर्यायावर जाऊन बसतो. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. नुसती व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांत, सुरुवातीला जेवढे यायचे राहिले होते त्यातले सरासरी २३ टक्केच पुढे आले. जेथे मुले बोलत, वाद घालत आणि लगेच चूक कळून घेत शिकली तेथे ४८ टक्के.

पण संकल्पना समजणे म्हणजेही चिकित्सक विचार नव्हे. हे कळण्यासाठी २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला लेई बाओ व सहकाऱ्यांचा अभ्यास आपण भारतीयांनी तरी वाचावाच. त्यांनी अमेरिकेतील आणि चीनमधील, नुकतेच महाविद्यालयात आलेले विद्यार्थी घेतले. चिनी मुलांनी शाळेत पाच वर्षे सलग कडक भौतिकशास्त्र केलेले. बलाच्या त्या चाचणीत चिनी मुलांना सरासरी सुमारे ८६ टक्के, अमेरिकनांना ४९. मग दोघांना लॉसन यांची तर्कशक्तीची चाचणी दिली. तीत एका वेळी एकच गोष्ट बदलून तुलना करता येते का, प्रमाण समजते का, पुराव्याने एखादा अंदाज मोडतो का, हे पाहतात. दोघांनाही सुमारे ७५! पाच वर्षांच्या घामाने ज्ञान वाढले, पण विचार करण्याची रीत जिथल्या तिथेच राहिली. ताईला हे आकडे दाखवले तेव्हा ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसली.

जर्मनांना हे शहाणपण जन्मतःच होते असे समजू नका. त्यांच्यात मार्टिन वागेनशाइन यांच्यासारखे शिक्षक होऊन गेले, जे आयुष्यभर सांगत राहिले की थोडेच घ्या, पण मुलांना स्वतःच्या प्रश्नांवरून समजेपर्यंत घ्या. पण सगळा देश त्यांच्या वाटेने गेला नाही. १९९५ च्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय तुलनेत जर्मन मुले मधल्या रांगेत निघाली. मग डिसेंबर २००१ मध्ये ‘पीसा’चा पहिला निकाल आला. विज्ञानात जर्मनी ४८७ आणि विकसित देशांची सरासरी ५००. ज्या देशाने प्लांक आणि हायझेनबर्ग दिले त्या देशात ‘पीसा-धक्का’ हा शब्दच रूढ झाला. शिक्षण हा इथे सोळा राज्यांचा ज्याचा त्याचा कारभार. तरी सर्वांनी मिळून डिसेंबर २००४ मध्ये दहावीअखेरच्या भौतिकशास्त्रासाठी समान मानके ठरवली. त्यांत विषयज्ञान हा चारांपैकी एकच भाग आहे. उरलेले तीन म्हणजे ज्ञान कसे मिळवले जाते याची जाण, ते मांडणे आणि त्याची पारख. २०२० मध्ये अबिटूरसाठीही हीच चौकट आली. भाच्याच्या पेपरातला लंबक त्या दुसऱ्या आणि चौथ्या भागातून लोंबत होता!

अशा प्रश्नाची मोजपट्टी विश्वासाची आहे का, हेही तपासावे लागते. आमच्या धंद्यात दोन माणसांनी एकाच तराजूवर एकच वस्तू ठेवली तर वजन सारखे यायला हवे. निबंधवजा उत्तराचे तसे नसते. म्हणून संशोधक तीच उत्तरे दोन परीक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला देतात आणि १९६० साली जेकब कोहेन यांनी सुचवलेला ‘कॅप्पा’ हा आकडा काढतात. समजा, शंभरपैकी ऐंशी उत्तरांवर दोघांचे एकमत झाले. ऐकायला छान वाटते. पण नुसत्या योगायोगानेच पन्नासांवर एकमत झाले असते, तर खरी कमाई उरलेल्या पन्नासांपैकी तिसांची, म्हणजे कॅप्पा ०.६. ‘अपेक्षेचे क्षितिज’ जितके नेमके लिहिलेले, तितका हा आकडा वर जातो.

आणि इथेच ताईचे अर्धे म्हणणे खरे ठरले. मार्क गेलेल्या दुसऱ्या प्रश्नात भाच्याने कारण दिले होते, पण ते एका आकृतीत, बाणांनी, आणि दोन इंग्रजी शब्दांत. जर्मन वाक्य नव्हते म्हणून ते नजरेतून सुटले होते. मी बाईंना विचारले, “आपण येथे त्याचा विचार मोजतो आहोत की त्याचे जर्मन?” बाईंनी आकृती पुन्हा पाहिली, क्षितिजाचा कागद पाहिला आणि दोन मार्क वाढवले. बावीसचे चोवीस, सातचे आठ. मुद्दाम कोणी मागे ठेवले नव्हते. पण विचार मोजणारी प्रत्येक परीक्षा भाषेतून मोजते, आणि दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलाच्या तराजूत भाषेचे वजन आधीच बसलेले असते. आपल्या मुलांच्या बाबतीत हे शिक्षकांच्या नजरेस आणणे हे आपलेच काम आहे. भांडून नव्हे, कागद दाखवून.

दुसरा धोका मात्र आपल्याकडूनच आहे. ही परीक्षा कळली की तिचेही ‘अपेक्षित प्रश्नसंच’ निघतील. ‘मोजमापात अनिश्चितता आहे, अधिक मोजणी करावी’ हे वाक्य पाठ करून प्रत्येक उत्तराखाली डकवता येते. मग ती पुन्हा आठवणीची परीक्षा होते. यावर उपाय एकच दिसतो. विचार करण्याची संधी परीक्षेत एकदा नव्हे, वर्गात वारंवार मिळाली पाहिजे. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग्लस बॉन यांनी कॅनडात विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिले आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांना दोन मोजण्यांची तुलना करायला लावायची, फरक कशामुळे ते ठरवू द्यायचे आणि पुन्हा मोजू द्यायचे. अशी मुले आपण होऊन प्रयोगाची पद्धत सुधारण्याची शक्यता इतरांच्या बारा पट निघाली. त्यांचा एक प्रयोग लंबकाचाच होता, दहा आणि वीस अंशांचा.

आपल्या देशात हे कोणी केलेच नाही असेही नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांतून सुरू झाला. तेथे आठवीच्या परीक्षेला मुले पुस्तक आणि वही उघडी ठेवून बसत आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. पुस्तक उघडे असले की घोकंपट्टीला किंमतच उरत नाही; प्रश्न काढणाऱ्यालाच डोके चालवावे लागते. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मुलाखत असते, आणि मुलाखतीत “कशावरून?” हा प्रश्न चुकवता येत नाही.

त्या शनिवारी आम्ही आमच्या बैठकीच्या खोलीच्या दाराला लंबक टांगला. ताईच्या शिवणाच्या डब्यातली दोरी, माझ्या कपाटातले पितळी वजन. भाचा सोडत होता, मी मोजत होतो, स्टॉपवॉच ताईकडे. दहा अंशांवरून तीनदा, वीसवरून तीनदा, प्रत्येक वेळी पन्नास आंदोलने. वीस अंशांचा वेळ दर खेपेस जास्त भरला, सरासरी ०.४ सेकंदाने. तिन्ही खेपांतला आपसातला फरक ०.१ च्या आत.

“मग सूत्र चुकीचं?” ताईने विचारले.

“लहान कोनासाठी नाही,” भाचा म्हणाला. थोडा थांबून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. “पण मामा, तू ०.६ म्हणाला होतास. हे ०.४ च का आलं?”

मी काही सांगणार होतो, तेवढ्यात त्याने लंबकाकडे बोट दाखवले. पन्नासाव्या झोक्याला तो वीस अंशांवर राहिलाच नव्हता. हवेने आणि दोरीच्या गाठीने त्याला पंधरावर आणून ठेवले होते.

या चिकित्सेला कोणी गुण दिले नाहीत. ताईने मात्र पोहे पुन्हा टाकले, आणि या वेळी आम्ही ते गरम खाल्ले.